बत्तीस नाही, एकतीस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीला पंधरा वर्षं झाली, एकदाही वर्गसमीकरण सोडवायची वेळ आली नाही. आता आठवीतली मुलगी विचारते, ‘बाबा, हे सगळं कशासाठी?’ तिला काय सांगायचं? आणि गणित हा मानवी संस्कृतीचा ठेवा आहे असं म्हणतात, त्यात काही तथ्य आहे की गणितवाले आपलीच पाठ थोपटून घेतात?

आधी एक कबुली देऊन टाकते. वर्गसमीकरण तुमच्या मुलीलाही पुढे लागेलच असं नाही. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता नव्या शिक्षकांना शिकवते, आणि या सगळ्या काळात वर्गाबाहेर मला स्वतःला वर्गसमीकरण लागल्याचं आठवत नाही. मुलांना हे बरोबर कळतं. ‘पुढे लागेल’ म्हणताना आपला आवाज जरा पोकळ होतो, तो त्यांना ऐकू येतो, आणि मग आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

शिक्षकांच्या खोलीत या प्रश्नाची तीन तयार उत्तरं असतात: पुढे लागेल, डोक्याला धार येते, आणि ‘अगं, सगळीकडे गणितच तर आहे’. तिसरं सोडूनच देऊ. सगळीकडे रसायनशास्त्रही आहे, पण म्हणून कपडे धुणाऱ्याला साबणाच्या रेणूची रचना माहीत असावी लागत नाही. पहिल्या दोघांत मात्र थोडं थोडं तथ्य आहे, आणि ते किती आहे हे मोजून पाहण्यासारखं आहे.

रोजच्या जगण्याला लागणारं गणित फार थोडं: बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार, अपूर्णांक, शेकडेवारी, प्रमाण, अंदाज बांधता येणं, आलेख वाचता येणं, आणि शक्यतेची जुजबी जाण. यातलं बरंचसं आठवीपर्यंत शिकवून होतं. पण शिकवून होणं आणि कळणं यात केवढं अंतर असतं! १९७८ साली हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांत ६० जणांना, म्हणजे डॉक्टरांना आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, एक प्रश्न विचारला गेला. एक आजार हजारात एकाला असतो. त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. एखाद्याच्या चाचणीत आजार दिसला, त्याच्याबद्दल आणखी काही माहीत नाही, तर तो खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? जवळजवळ निम्म्यांचं उत्तर होतं, ९५ टक्के.

आता हजार माणसं डोळ्यांसमोर आणा. आजारी त्यांत एक. उरलेल्या ९९९ पैकी ५ टक्के, म्हणजे साधारण ५० जण चुकून अडकणार. एकूण ५१ जणांच्या हाती वाईट निकाल, आणि त्यांतला खरा आजारी एकच. शक्यता २ टक्क्यांच्या आसपास. त्या साठांपैकी बरोबर उत्तर देणारे ११ होते. यात लागणारं गणित सहावीतलं आहे, आणि ही सगळी माणसं आयुष्यभर परीक्षांत वरचे गुण मिळवत तिथवर आलेली. त्यांना शेकडेवारी येत होती. ‘पाच टक्के, पण कशाचे?’ हे विचारायची सवय त्यांना कोणी लावलेली नव्हती. म्हणून व्यवहाराला उपयोगी पडणारं गणित अजून सावकाश, अजून खोलात शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पण त्या उपयोगाच्या आधारावर वर्गसमीकरणाचं किंवा वर्तुळाच्या प्रमेयांचं समर्थन होत नाही, हेही तितकंच खरं.

मग धार येते म्हणतात त्याचं काय? हे उत्तर फार जुनं. पूर्वी युरोप-अमेरिकेत हेच लॅटिनबद्दल सांगत. १९२४ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी हजारो शाळकरी मुलांना वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन चाचण्या दिल्या. भूमिती किंवा लॅटिन घेतलेल्या मुलांची विचार करण्याची ताकद बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वाढते का, हे त्यांना बघायचं होतं. फरक अगदी किरकोळ निघाला. मुळात हुशार असलेली मुलं हे विषय घेत आणि श्रेय विषयाला मिळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. माझं निरीक्षणही फार वेगळं नाही. वर्गात अवघड प्रमेयं लीलया सिद्ध करणारी मुलं मोठी होऊन शेंडाबुडखा नसलेले निरोप बिनदिक्कत पुढे पाठवताना मी पाहिली आहेत. (काही मला पाठवतात. मी उत्तर देते. मग काही दिवस येत नाहीत.)

एवढं सगळं वजा केल्यावर उरतं काय? ते सांगण्याऐवजी एक तास दाखवते.

आठवीच्या वर्गात मी दर वर्षी एकदा हे करत असे. फळ्यावर वर्तुळ काढायचं. परिघावर एक बिंदू घेतला तर आतला भाग एकच. दोन बिंदू घेऊन जोडले की दोन भाग. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी जोडला की चार. चार बिंदूंचे आठ. पाच बिंदूंचं मुलं वहीत काढतात, मोजतात, सोळा येतात. एक, दोन, चार, आठ, सोळा. मग विचारायचं, सहा बिंदू घेतले तर? सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, ‘बत्तीस!’ मी फक्त म्हणायची, ‘बरं. काढून बघा.’

पहिली पाच मिनिटं पेन्सिलींचा आवाज. मग कुजबुज. ज्यांचे बत्तीस होत नाहीत ते खोडून पुन्हा काढतात, कारण चूक आपलीच असणार याबद्दल त्यांना शंका नसते. काहींनी न मोजताच बत्तीस लिहून वही मिटलेली असते. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली. वर्षभरात तिने क्वचितच तोंड उघडलं असेल. वर्तुळातल्या प्रत्येक तुकड्यात तिने बारीक अक्षरात आकडा घातला होता. ‘बाई, तीनदा मोजलं. एकतीसच येतायत.’ तिच्या मागून एक मुलगा म्हणाला, ‘माझे तीस!’ वर्ग हसला. मी म्हटलं, ‘मग बरोबर कोण?’ आणि गप्प बसले. अशा वेळी गप्प बसणं हे शिक्षकाला सगळ्यात जड जातं.

दोघांनी वह्या शेजारी ठेवल्या. मुलाने कंपास घेऊन परिघाचे सहा अगदी सारखे भाग केले होते; चित्र देखणं होतं. मुलीचे बिंदू हाताने टाकलेले, वेडेवाकडे. जरा वेळाने तीच म्हणाली, ‘याचा मधला त्रिकोण चिरडला गेलाय.’ आणि खरंच, सुसम षट्कोनात समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तीन रेघा एकाच ठिकाणी मिळतात. तिच्या चित्रात त्या तीन रेघांमध्ये एक चिमुकला त्रिकोण शिल्लक होता, त्याच्या चित्रात तो नाहीसा झाला होता. म्हणजे त्याचं मोजणंही बरोबर होतं. फक्त जास्तीत जास्त भाग हवे असतील तर तीन रेघा एका बिंदूत मिळू द्यायच्या नाहीत. ही अट मी सुरुवातीला सांगितलीच नव्हती. ती त्यांनी शोधली.

पण बत्तीस का नाहीत? यावर दुसरा तास गेला. एक नवी रेघ काढली की काय होतं, असं मी विचारलं. ती वाटेत कोणालाही न छेदता गेली तर एका भागाचे दोन होतात, म्हणजे एक भाग वाढतो. वाटेत एका रेघेला छेदून गेली तर आणखी एक वाढतो, दोघींना छेदलं तर आणखी दोन. म्हणजे एकूण भाग किती? सुरुवातीचा एक, त्यात जितक्या रेघा तितके मिळवा, आणि जितके छेदनबिंदू तितके मिळवा. सहा बिंदूंमधल्या रेघा पंधरा. छेदनबिंदू कसे मोजायचे? एक छेदनबिंदू म्हणजे दोन रेघा, दोन रेघांची चार टोकं. उलट परिघावरचे कुठलेही चार बिंदू घ्या, त्यांना जोडणाऱ्या रेघांपैकी एकच जोडी आत एकमेकींना छेदते. म्हणजे सहातून चार बिंदू जितक्या तऱ्हांनी निवडता येतील तितके छेदनबिंदू. तेही पंधराच, कारण चार निवडणं म्हणजे दोन वगळणं. एक अधिक पंधरा अधिक पंधरा, एकतीस. मग एकाने पाचासाठी ताळा करून पाहिला: एक, दहा रेघा, पाच छेदनबिंदू, सोळा. जमलं. ‘म्हणजे आधीचे सगळे दुप्पट आले ते योगायोगाने?’ हा प्रश्न वर्गातूनच आला, आणि त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं.

या दोन तासांत माझ्या शब्दाची गरज कुणाला पडली नाही. इतिहासातली सनावळी मुलाला शिक्षकाच्या किंवा पुस्तकाच्या भरवशावर घ्यावी लागते. शुद्धलेखन संकेताने ठरतं. विज्ञानाचे प्रयोग असतात, पण अणूच्या आत काय आहे हे कुठलंही मूल बाकावर बसून पडताळून पाहू शकत नाही. गणितात मात्र तेरा वर्षांचं मूल कागद-पेन्सिल घेऊन थेट मुळापर्यंत जाऊ शकतं. तिथे गेल्यावर शिक्षक, पुस्तक आणि चाळीस जणांचा एका सुरातला आवाज, सगळं एका बाजूला आणि ते एकटं दुसऱ्या बाजूला असं झालं, तरी बरोबर तेच असू शकतं. आणि ते बरोबर आहे हे बाकीच्यांना मान्य करावंच लागतं, कारण त्यांनाही तीच वाट चालून पाहता येते. शाळेतल्या दुसऱ्या कुठल्या विषयात हा अनुभव इतक्या लहान वयात, इतक्या स्वस्तात मिळतो, मला माहीत नाही. गणित सगळ्यांना शिकवावं असं मला वाटतं ते एवढ्यासाठी.

थॉर्नडाइकचा निकाल याच्या आड येत नाही का, असं तुम्ही विचाराल. हा अनुभव आपोआप बाकीच्या आयुष्यात झिरपतो असा माझा दावा नाही. सहलीला जाऊन समुद्र पाहिला म्हणून कोणी पोहायला शिकत नाही. पण समुद्र म्हणजे काय ते त्याला आयुष्यभर ठाऊक असतं. खात्री म्हणजे काय असतं, हे एकदा तरी अनुभवलेल्या माणसाला निदान इतर ठिकाणी खात्री नाही हे ओळखायची संधी राहते. ती तो घेईलच असं नाही.

आणि हा अनुभव हिरावून घेणं किती सोपं आहे, हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगू शकते. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका मुलाने विचारलं, ‘ऋण गुणिले ऋण धन का?’ घंटा व्हायला चार मिनिटं होती, फळ्यावर उदाहरण अर्धवट होतं. मी म्हटलं, ‘नियम आहे तो. पाठ कर.’ त्याने पाठ केलं. गुणही चांगले पडले. वर्षभरात पुन्हा त्याने एकही ‘का’ विचारला नाही, आणि ते माझ्या लक्षात यायला वर्ष संपावं लागलं.

त्या मुलाचा प्रश्न बावळट नव्हता. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहून ठेवले: ऋण आणि ऋण यांचा गुणाकार धन, धन आणि ऋण यांचा ऋण. त्यांचे शब्दही व्यवहारातले, धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज. ते आजही आपण तसेच वापरतो. आणि यानंतर अकराशेहून अधिक वर्षांनी, १७५८ साली, इंग्लंडमधले गणितज्ञ फ्रान्सिस मॅसेरेस ऋण संख्यांमुळे बीजगणितात नुसता गोंधळ माजतो असं एका आख्ख्या प्रबंधात मांडत होते. मोठमोठ्या माणसांच्या घशाखाली जे उतरत नव्हतं, ते बारा वर्षांच्या मुलाने चार मिनिटांत गिळावं अशी माझी अपेक्षा होती.

आज मी असं सांगते. शून्याला कशानेही गुणलं तर शून्य, हे मान्य? मान्य. एक अधिक उणे एक म्हणजे शून्य, मान्य? मान्य. मग उणे एकाने या सगळ्या कंसाला गुणू. उत्तर शून्यच यायला हवं. कंस फोडला की पहिलं पद, उणे एक गुणिले एक, म्हणजे उणे एक. दुसरं पद, उणे एक गुणिले उणे एक, ते काय ते माहीत नाही. पण दोन्ही मिळून शून्य व्हायला हवं, तर दुसरं अधिक एकच असलं पाहिजे. दुसरं काही मानलं तर कंस फोडायचा नियम मोडतो. इथे काही मुलं म्हणतात, ‘मग मोडू दे!’ तेही चांगलं. मोडून बघा, पुढे काय काय कोसळतं ते. चार मिनिटांत हे होत नाही. वीस लागतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, संस्कृतीचा. हा शब्द भाषणांत इतका झिजलाय की मी एखादी वस्तूच समोर ठेवते.

येल विद्यापीठाच्या संग्रहात मातीची एक गोल पाटी आहे, हातात मावेल एवढी. बॅबिलोनियातली, साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर एक चौरस, त्याचे दोन कर्ण, आणि कर्णावर खुणांनी लिहिलेले आकडे. ते साठाच्या पटीतले अंक आपल्या दशांशात आणले तर १.४१४२१२९… येतं. एक बाजूच्या चौरसाचा कर्ण म्हणजे दोनाचं वर्गमूळ, आणि ते १.४१४२१३५… आहे. पाच दशांश स्थळं बिनचूक. पाटीचा आकार आणि घडण पाहून ती बहुधा शिकणाऱ्या कुणाची असावी असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे कुणाची तरी वही.

याच संख्येसाठी बौधायनांच्या शुल्बसूत्रात, म्हणजे वेदी आखण्याच्या नियमांच्या प्राचीन ग्रंथात, वेगळीच कृती आहे: एकात त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा वजा करा. यज्ञवेदी आखताना चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असे, त्यासाठी हे. सगळं एकत्र केलं तर ५७७ छेद ४०८ हा अपूर्णांक मिळतो. हे वाचून पुढे जाऊ नका, जरा गुणाकार करा. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक फक्त एकाचा! पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा मला तो पुन्हा करून पाहावासा वाटला.

साहजिकच मनात येतं, इतक्या जवळ आलोय तर जरा मोठे आकडे घेऊन तो उरलेला एकही घालवता येईल. शक्य आहे का? इथे ग्रीकांनी जे केलं ते वेगळ्या जातीचं आहे. त्यांनी आणखी मोठे आकडे शोधले नाहीत. हे कधीच होणार नाही, असं त्यांनी दाखवलं. समजा एका पूर्ण संख्येचा वर्ग दुसरीच्या वर्गाच्या बरोबर दुप्पट आहे, आणि दोघींना सामाईक अवयव असतील तर ते काढून टाकलेत. पहिलीचा वर्ग सम, म्हणून पहिली सम. मग तिच्या वर्गाला चाराने भाग जातो, म्हणून दुसरीच्या वर्गाला दोनाने जातो, म्हणून दुसरीही सम. दोघी सम, म्हणजे दोनाचा सामाईक अवयव राहिलाच. पण तो तर आपण काढून टाकला होता. झालं, संपलं. विश्वातल्या सगळ्या संख्या तपासायला अनंत काळ पुरला नसता, आणि चार ओळींत सगळ्यांचा निकाल लागला.

पाटी कोरणारा, वेदी आखणारा आणि सिद्धता मांडणारा, यांची भाषा, देव, राजे, काहीच एक नव्हतं. त्यांची राज्यं गेली, बॅबिलोनची भाषा तर मेली. पण ती पाटी आजच्या मुलाला तपासायला देता येते, आणि तिच्यावर शिक्षकाने ‘बरोबर’ अशी खूण करायला हरकत नाही. त्या काळचं वैद्यक, त्या काळची विश्वाची कल्पना, यांचं असं करता येत नाही. मला संस्कृतीचा ठेवा म्हणजे एवढंच अभिप्रेत आहे.

गणित वेदी आणि शेतजमिनी मोजण्यातूनच निघालं असंही नाही. कवितेतूनही निघालं. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूची दोन. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी होईल? लललल, गलल, लगल, ललग, गग: पाच. पाच मात्रांची? शेवटचं अक्षर लघू असेल तर आधी चार मात्रा उरतात, त्यांचे प्रकार पाच. शेवटचं गुरू असेल तर आधी तीन मात्रा, त्यांचे प्रकार तीन. एकूण आठ. अशी १, २, ३, ५, ८, १३ ही माळ छंदशास्त्राचे अभ्यासक विरहांक यांना ठाऊक होती, बाराव्या शतकात हेमचंद्रांनीही ती सांगितली. इटलीत फिबोनाचीने सशांच्या जोड्यांचं कोडं घालून हीच माळ १२०२ साली लिहिली, आणि जगात ती त्याच्या नावाने ओळखली जाते. वृत्तांचे प्रकार मोजून कुणाचं पोट भरणार होतं? मोजता येतील का, एवढंच कुतूहल होतं.

आता इथे गणितवाले हमखास एक पान टाकतात: निरुपयोगी वाटणारं गणितच पुढे उपयोगी पडतं. उदाहरणं खरी आहेत. गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ साली सिद्ध केलं की एखाद्या आकृतीतून जाणाऱ्या सगळ्या रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर आतली आकृती परत उभी करता येते. १९७१ साली लंडनमध्ये सीटी स्कॅनने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूच्या आतलं चित्र काढलं, ते याच तत्त्वावर. गंमत अशी की या तंत्रासाठी पुढे १९७९ चं नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मिळालं त्यांतले अ‍ॅलन कॉरमॅक यांनी ते गणित स्वतंत्रपणे नव्याने मांडलं होतं. राडोन यांचं काम त्यांना तेव्हा माहीतच नव्हतं. पण ही गोष्ट मी मुलांना ‘म्हणून शिका’ असं सांगताना वापरत नाही. एका राडोनमागे अशी कितीतरी प्रमेयं असतात जी कधीच कुणाच्या कामी येणार नाहीत. त्यांना कमी लेखायचं का? मग वृत्तं मोजणाऱ्यांनाही कमी लेखावं लागेल.

एवढं सुंदर आहे तर मुलांना गणिताची धडकी का भरते, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नात ते आहेच. त्याचं मुख्य कारण मला गणितात सापडत नाही, चाळणीत सापडतं. पुढच्या जागा थोड्या आणि उमेदवार फार, अशा वेळी कुणाला गाळायचं हे ठरवायला गणित सोयीचं पडतं, कारण गुण देताना वाद होत नाही. मग वेग महत्त्वाचा होतो. तीन तासांत अमुक इतकी उदाहरणं सोडवायची तर प्रकार ओळखायचा आणि पाठ केलेल्या पायऱ्या ओतायच्या, विचार करायला थांबलेलं मूल मागे पडतं. एकतीस मोजायला तीनदा वेळ घेणारी माझी ती विद्यार्थिनी वार्षिक परीक्षेत जेमतेम पास झाली होती. आणि ‘हिचं गणित कच्चं आहे’ हा शिक्का एकदा बसला की पुसत नाही. माणसं चाळिशीतही तो अंगावर वागवतात, काही तर कौतुकाने.

गणित सक्तीचं असावं का? माझं मत विचाराल तर दहावीपर्यंत असावं, पण आत्ताच्या निम्मं. अवयव पाडण्याची चाळीस-चाळीस उदाहरणं, कधीही न भेटणारी लांबलचक पदावली, सूत्रांत आकडे घालून उत्तर काढायची यंत्रवत कसरत, हे सगळं कापायला माझी ना नाही. त्या जागी वर्षाला दहा-बाराच गोष्टी, पण प्रत्येकीच्या मुळापर्यंत. पाढे मात्र पाठ हवेत; ते नसतील तर विचार करताना हात अडखळतो. सहकाऱ्यांतले बरेच जण माझ्याशी सहमत नाहीत. एवढ्या कमी सरावावर पुढे अभियांत्रिकीला जाणाऱ्यांचं कसं होईल, ही त्यांची शंका खोटी नाही. त्यांच्यासाठी अकरावीपासून वेगळी, कडक वाट असावी असं मी म्हणते, आणि मग वेळापत्रक कसं बसवायचं यावर आमचं भांडण होतं.

मुलीला काय सांगायचं? वर्गसमीकरण बहुधा लागणार नाही, हे खरं खरं सांगा. शेकडेवारी लागेल, ती नीट शिक, हेही सांगा. तिने ‘असं का?’ विचारलं आणि तुम्हाला येत नसेल तर ‘नियम आहे’ म्हणू नका. ‘मलाही येत नाही, बघू या’ म्हणा. आणि एखाद्या सुटीच्या दिवशी दोघं मिळून वर्तुळ काढायला बसा. एक ते सहा बिंदू करून झाले की सातावर या. सातासाठी कंपासने अगदी सारखे भाग केले तरी चालेल, तिथे आत तीन रेघा एका बिंदूत मिळत नाहीत. चित्र मात्र मोठ्या कागदावर काढा, मधले तुकडे फार बारीक होतात. सातचं उत्तर मी इथे देत नाही. तुम्ही वेगळे मोजा, तिला वेगळं मोजू द्या, आणि दोघांचे आकडे वेगळे आले तर लगेच स्वतःचा खरा धरू नका.